बटणांची वाटणी

संगमनेर,
१८ मार्च १९९८

ती. लंकाताईंस दीपाचा नमस्कार.

तुम्ही रागात आहात हे धरूनच लिहायला बसले आहे, त्यामुळे खुशाल आहात का वगैरे विचारत नाही. मीही रागातच आहे. पण जावाजावांचा राग घरात, दुकान दोघींचं. कामाचं विचारायला रागाची आडकाठी नको म्हणून हे पत्र.

तर पहिलं काम. पत्रिकेवर घालतो तो मंगलकलश कोणत्या फ्लॉपीत ठेवला आहे? सगळ्या फ्लॉप्या पालथ्या घातल्या. तुमच्या अक्षरात एकीवर 'देव', एकीवर 'वेलबुट्टी', एकीवर 'इतर' असं लिहिलंय, आणि 'इतर'मध्ये तुम्ही निम्मं दुकान भरून ठेवलंय. मोठ्या भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, "तिलाच विचार." तुम्ही गेल्यापासून ते छपाईच्या फ्रेमशी जेवढं बोलतात तेवढंसुद्धा माझ्याशी बोलत नाहीत. नवरा तुमचा, आणि त्यांचं उतरलेलं तोंड दिवसभर मी बघायचं, ही कुठली रीत?

दुसरं. तिकडे माहेरी जामखेडला आईंना आणि छगनभाऊंना तुम्ही काय सांगितलं असेल ते तुमचं तुम्हाला माहीत. माझी बाजू त्यांच्याही कानावर जावी. हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल.

कोरलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर आपण पत्रिका मांडतो त्यात, कोणत्या बटणाने काय व्हावं हे आपलं आपल्याला ठरवता येतं, हे क्लासमधून शिकून कोणी आणलं? मी. कंट्रोल दाबून जी म्हणजे ग्रुप, डी म्हणजे डुप्लिकेट, अक्षरावरून लक्षात राहावं अशी सरळ मांडणी मी केली. तुम्ही बसलात आणि सगळं उलटंपालटं केलंत. कारण काय, तर "हात पडंल तिथं मिठाचा डबा पायजे". दुपारी तुम्ही बटणं फिरवायच्या, सकाळी मी परत जागेवर आणायचे. दोघींचे दोन तक्ते ठेवून बघितले, तेही जमेना. तक्ता बदलायचा तर कोरल बंद करून उघडा, आणि आपल्या कॉम्प्युटरवर कोरल उघडेपर्यंत चहा उकळून गाळूनसुद्धा होतो. आपण दोघी दिवसभर एका खुर्चीवरून उठबस करणाऱ्या. कोण एवढा वेळ थांबणार?

मग तो दिवस. प्रूफ पास झाल्यावर नवरीचे वडील पुन्हा आले आणि म्हणाले, कलशाच्या पोटावर मामाचं नाव घेतलंय ते जरा ठळक करा, माणूस रुसका आहे. ठळक म्हणजे तुमच्या हिशेबात बी. मी मात्र सकाळीच बी वर 'मागे पाठवा' लावलं होतं, बॅकचा बी. तुम्ही नाव निवडलंत, बटण दाबलंत, तेवढ्यात आत दूध उतू जायला लागलं म्हणून धावलात, आणि मामा कलशाच्या मागे गेले. भाऊजींनी सगळा गठ्ठा तसाच छापून दिला.

ते गोरक्षनाथ मामा राजदूतवरून उतरून आत आले तेव्हा तुम्हीही होतात, मीही होते. पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाले, "भाचीच्या लग्नात मामा नवरीच्या पाठीशी हुबा ऱ्हातो. मला कलशाच्या पाठीशी कुनी हुबा केला?"

मी म्हणाले, "ताईंनी दाबलं ते बटण." एवढंच. दाबलं होतंत की नाही? जे झालं ते सांगितलं. तुम्ही फडक्याने कॉम्प्युटर पुसत राहिलात, आणि दुसऱ्या दिवशी संस्कृतीला कडेवर घेऊन स्टँडवर. शेवटी भाऊजींनी वेगळी फ्रेम करून मामांचं नाव सोनेरी शाईने त्याच कलशावर छापलं, तेव्हा मामा गेले.

आता तिसरं, आणि खरं तर यासाठीच पत्र. आपण बटणांची वाटणी करून टाकू. आमचे हे डेअरीत दुधाच्या फॅटचे तक्ते एक्सेलमध्ये करतात. त्यांच्याकडून शिकून मी एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात बटण, दुसऱ्यात ते काय करतं, तिसऱ्यात ते कोणाचं. एका हुकमात सगळे रकाने बटणाप्रमाणे लागतात, आणि जिथे तुमचं-माझं एकाच बटणावर आलंय तिथे दोन्ही नावं एकाखाली एक येतात. अशी इतकी निघाली की हे हसायलाच लागले. म्हणाले, "एका बटणावर दोघी बसल्यात, बटण दबणारच." तुमचे दीर विनोद करतात तेव्हा हसायचं असतं, म्हणून मीही हसले.

तर ए पासून एम पर्यंत तुमची, एन पासून झेड पर्यंत माझी. तक्ता सोबत जोडला आहे. पटलं तर कळवा.

संस्कृतीला पापा. तिची बाहुली माझ्याच गादीवर आहे.

दीपा

*

जामखेड,
२४ मार्च

दीपास लंकाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. दिवसभर लोकांच्या पत्रिका शुद्ध लिहिते, तवा घरच्या पत्रात मी बोलते तशीच लिहिनार.

कलश 'देव' मधी हाय. कलश काय 'इतर' असतो व्हय?

तुझी वाटनी बघितली. मला मान्य न्हाई. ए डाव्या टोकाला, एल उजव्या टोकाला, सी खाली, आय वर. चार ठिकानी वावर असल्यावर मानूस चालूनच मरतंय. माझ्या भावांनी असली वाटनी केली असती तर आईनं त्यांना जेवाय वाढलं नसतं.

दुसरं म्हंजे, वाटे थोरल्यानं पाडायचे आन धाकट्यानं आधी उचलायचा, ही आपल्याकडची रीत हाय. म्हंजे पाडनारा लबाडी करीत न्हाई. तू धाकटी. तू पाडलेस बी आन उचललेस बी. हे चालायचं न्हाई. कोरा कागद पाठव.

तू आईला वाचून दाखव म्हनलीस, म्हनून दाखवलं. आई हसली. मी न्हाई हसले.

लंका

*

संगमनेर,
३० मार्च १९९८

ती. लंकाताईंस,

कलश सापडला. 'देव' मध्ये मीही बघितलं होतं, पण तुम्ही त्याचं नाव 'तांब्या' ठेवलंय. असो.

कोरा कागद सोबत आहे, आणि तो साधा कागद नाही हे सांगून ठेवते. रकान्यांच्या तक्त्यात तुम्हाला वावर चार ठिकाणी दिसलं ते खरं आहे, म्हणून यावेळी मी एक्सेलमध्ये आख्खा की-बोर्डच मांडला. रकाने इतके अरुंद केले की चौकटी झाल्या. दोन-दोन चौकटी एकत्र करून एकेक बटण केलं, कारण की-बोर्डावरच्या ओळी एकाखाली एक सरळ नसतात, अर्ध्या बटणाने सरकलेल्या असतात, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? माझ्या आत्ता आलं. प्रत्येक बटणात वर त्याचं अक्षर आणि खाली रिकामी जागा. तिथे पेन्सिलीने लिहा, खोडता येईल. हे म्हणाले, "सातबारा काढलास की तू." डेअरीच्या प्रिंटरवर छापून आणला. त्यांचे साहेब विचारत होते, हे कोणत्या गाईचं?

आता एक बातमी. लिहू की नको असं चाललं होतं, कारण ती तुमच्या बाजूची आहे.

काल गोरक्षनाथ मामा पुन्हा आले. मी उठून उभीच राहिले. पण मामा हसत होते. सोन्याच्या शाईतलं नाव सगळ्या पाहुण्यांत गाजलं म्हणे. कलशावर मामाचं नाव सोनेरी अक्षरात, असा मान आमच्या भावकीत कोणाला मिळाला नाही, असं त्यांचे साडू म्हणाले. आणि आता मामांच्या स्वतःच्या मुलाचं, हर्षलचं लग्न आहे, मेच्या अखेरीस. पत्रिका आपल्याकडेच. मी कागद-पेन घेतलं तर म्हणाले, "तुमी ऱ्हावा. त्या दुसऱ्या बाई कुठं हायेत? नाव ठळक कराया त्यांनीच बटान दाबलं हुतं म्हन ना. मानूस मनानं चांगलं. पत्रिका त्यांच्याच हातची पायजे."

मी म्हणाले, त्या माहेरी गेल्यात. तर म्हणाले, "मंग येऊ द्या की. तवर थांबतो." आणि राजदूतला किक मारून गेले.

तर ताई, तुम्ही यायला हवं. मामांसाठी म्हणतेय मी. माझं काय, मी करते माझं माझं.

पाडव्याला पुरणाच्या पोळ्या केल्या. फाटल्या. तुमच्या तव्यावर केल्या म्हणून फाटल्या असणार.

दीपा

*

संगमनेर,
११ एप्रिल १९९८

ती. लंकाताईंस,

उत्तर नाही. कागद पोचला की नाही तेही कळेना.

छगनभाऊ टेम्पो घेऊन इकडे आले होते, दुकानावर चहाला थांबले. मी सहज विचारलं, ताई कधी यायच्या म्हणतात? तर ते बशीत चहा ओतत म्हणाले, "अक्काचं काय सांगावं. तिकडं नवीन कॉम्प्युटर क्लास निगालाय. शिकवायला या म्हनून तो क्लासवाला दोनदा घरी येऊन गेला. जाईल बी."

भाऊजी मागे फ्रेम धूत होते. त्यांनी नळ बंद केला आणि पुन्हा सुरू केला. छगनभाऊ गेल्यावर मी एका मुंजीच्या पत्रिकेत मुलाचं नाव घालायला विसरले.

खरं आहे का ते? तुम्ही शिकवाल छानच. मला मार्जिन तुम्हीच शिकवलीत, क्लासच्या सरांनी नाही. पण तुम्ही तिकडे शिकवायला लागलात, तर इकडे मी कोणाशी भांडायचं? आमच्या ह्यांच्याशी भांडण जमत नाही, ते लगेच ऐकतात.

बटणं सगळी तुम्ही ठेवा. ए पासून झेड पर्यंत. मी माऊसनेच मेनू उघडून काम करीन. असंही माझा हात त्या माऊसवर गोगलगाईसारखाच चालतो, त्यात आणखी थोडा उशीर. तुम्ही नाहीत तर मला दुकानात बसावंसं वाटत नाही, हे स्पष्टच लिहिते. राग गेला आहे असं समजू नका, तो आहे. पण तुमची आठवण त्याच्यापेक्षा जास्त येते.

दीपा

*

जामखेड,
१५ एप्रिल

दीपास आशीर्वाद.

घाई काय करतीस? वाटे पाडायचे म्हंजे वेळ लागतो. कागद फळीवर ठिवून मी त्याच्यावर बोटं फिरवून बघत हुते. आई म्हनाली, पोरगी कागदाची पेटी वाजवती का काय.

कागद लई चांगला केलास. हे आधी लिहिते, मागनं ऱ्हायला नको.

आता वाटे. टी, जी, बी ह्यांच्या उजव्या अंगानं बांध घातलाय बघ, जाड पेन्सिलीचा. बांधाच्या डाव्या अंगाला एक वाटा, उजव्या अंगाला एक. एकीकडं जे काम हाय तेच दुसरीकडं हाय, आरशात बघावं तसं. एफ वर ग्रुप, तर तिकडं जे बटनावर सुदा ग्रुप. डी वर डुप्लिकेट, तर के वर सुदा डुप्लिकेट. मागे पाठवा एकीकडं डब्ल्यू वर, दुसरीकडं ओ वर, लांब ठिवलंय मुद्दाम, पुन्हा कुनाचा मामा मागं जायला नको. एकाच कामाला दोन बटनं देता येत्यात, हे मी क्लासात जाऊन करून बघितलं. शिकवायला न्हवते गेले, बघायला गेल्ते. छगनला अर्धंच ऐकू येतं.

झेड आन एस सामाईक. केलेलं परत फिरवायचं आन केलेलं साठवायचं, हे दोघींचं. विहीर कुनी वाटून घेत न्हाई.

दोन्ही वाटे सारखे हायेत. थोरली म्हनून मी पाडले, आता धाकटी म्हनून तू आधी उचल. नीट बघून उचल. एकदा उचललास की मागं घेता यायचा न्हाई.

सगळी बटनं ठेवा म्हनून पुन्हा लिहू नको. असलं दान मी घेत न्हाई.

लंका

*

संगमनेर,
२० एप्रिल १९९८

ती. लंकाताईंस,

तुम्ही शिकवायला गेला नव्हतात हे वाचल्यावर मी भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते "बरं" म्हणाले आणि दुपारी शीळ घालत होते. भाऊजींना शीळ येते हे मला माहीतच नव्हतं.

आता वाटा. ताई, मी काल जन्मले नाही. दोन्ही वाटे सारखे म्हणता, आरशात बघावं तसे म्हणता, दिसतातही तसे. पण माणूस काम कसं करतो? उजव्या हातात माऊस, डावा हात की-बोर्डाच्या डाव्या अंगाला. म्हणजे डावीकडचा वाटा म्हणजे कालव्याखालची बागायत. आणि उजवीकडचा? तिथलं एक बटण दाबायचं तर माऊस सोडून हात उचला, दाबा, परत माऊस शोधा. मुरमाड रान ते. कुसळसुद्धा उगवायचं नाही. तुम्हाला वाटलं, दीपा भोळी आहे, आरशाला भुलून उजवीकडचा उचलेल.

मी डावीकडचा उचलला. रीतीप्रमाणे आधी माझा मान, आणि उचललेला मागे घेता येत नाही हे तुमचंच वाक्य. आता तुम्ही या आणि मुरमाड कसा कसायचा ते बघा. मी अधूनमधून पाणी देईन.

मामांचा निरोप आला होता. मुहूर्त जवळ येतोय. हर्षलच्या पत्रिकेत कलश हवाच, आणि यावेळी मामांचं स्वतःचं नाव वडील म्हणून येणार, तर नवऱ्याच्या मामांचं नाव कलशावर. ते म्हणे गोरक्षनाथ मामांहूनही रुसके आहेत.

लवकर या.

दीपा

*

जामखेड,
२५ एप्रिल

दीपास आशीर्वाद.

तू चुकीचा वाटा उचललास.

मी लबाडी केली न्हाई. डावीकडचा माझा म्हनून पाडला हुता, उजवीकडचा तुझा म्हनून. वाटलं हुतं तुझं तुला कळंल. न्हाई कळलं, तर सांगते.

तू डावखुरी हायेस. मला ठावं हाय. तू लग्न हून आलीस त्या वर्सापासनं ठावं हाय. घरात एकटी असलीस की आमटीची पळी तुझ्या डाव्या हातात असती. पावलं वाजली की उजव्या हातात घेतीस. काडी डाव्या हातानं वढतीस. रांगोळी कुनी उठायच्या आत काढतीस ती का, ते बी मला कळतं. सासूबाई एकदा पंगतीत तुझ्या डाव्या हाताकडं बघून जे बोलल्या ते मी ऐकलं हुतं. त्या मागच्या पिढीच्या, त्यांना काय बोलायचं. म्हनून मी सैपाकघरात येताना दारातच भांडं वाजवून मंग आत यायचे. तुला हात बदलायला सवड मिळावी म्हनून.

आता माऊसचं. क्लासच्या सरानं तुझा उजवा हात धरून माऊसवर ठेवला, तू ठेवू दिलास. माऊसची वायर लांब हाय, की-बोर्डाच्या मागनं घेतली की डाव्या अंगाला येती. मी इथं करून बघितलं. माऊस डाव्या हातात धर. उजवा हात आपसूक उजव्या वाट्यावर पडंल. कंट्रोलचं बटन तिकडं बी हाय, देवानं न्हाई तर की-बोर्डवाल्यानं तुझ्यासाठीच दिल्यागत.

करून बघ. दुकानात मालक सोडून कुनी नसंल तवा कर, न्हाईतर सगळ्यांच्या म्होरं कर. तुझं तू ठरव.

उचललेला वाटा मागं घेता येत न्हाई असं मी लिहिलं हुतं. घे मागं. कुनाला सांगत न्हाई.

लंका

*

संगमनेर,
३० एप्रिल १९९८

लंकाताई,

तुमचं पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसले. भाऊजी धावत आले, काय झालं म्हणून. मी म्हणाले, ताईंनी मला पकडलं.

ते भांडं. ताई, मी माझ्या आईला पत्रात लिहिलं होतं की मोठ्या जाऊबाई फार आदळआपट करतात, स्वयंपाकघरात येतात तेव्हा भांडी वाजल्याशिवाय येत नाहीत, बहुतेक माझा राग राग करतात. आईने उलट लिहिलं होतं, दुर्लक्ष कर. मी इतकी वर्षं दुर्लक्ष केलं. काल आईला दुसरं पत्र लिहिलं.

लग्नाआधी आईनेच सांगितलं होतं, सासरी डावा हात कळू देऊ नकोस, लोक वाढलेलं ताट बाजूला सारतात. म्हणून मी अशी सवय केली की शेवटी माझी मलाच खरी वाटायला लागली. क्लासमध्ये माऊस सापडत नव्हता तेव्हा वाटायचं, आपण मठ्ठ आहोत. तुम्ही झरझर वेली फिरवायच्या आणि मला तुमच्या हाताचा मत्सर वाटायचा. तुमची बटणं मी सकाळी उठून बदलायचे त्यात तो पण होता.

आता ऐका. मी पत्र वाचलं, उठले आणि माऊस की-बोर्डाच्या मागून डावीकडे घेतला. दुकानात भाऊजी होते, हे होते, आणि पत्रिका न्यायला आलेल्या दोन बायका होत्या. सगळ्यांसमोरच घेतला. मग तुमच्या कागदाप्रमाणे एकेक बटण कोरलमध्ये लावत गेले, आधी तुमची बाजू, मग माझी. उजवा हात जे बटणावर पडला. तुम्ही म्हणालात तसा आपसूकच. आणि मग मी हर्षलच्या पत्रिकेसाठी एक वेल काढली.

ताई, वेल पळाली. मी हात अडवेपर्यंत कागदाच्या कडेपर्यंत गेली. के दाबलं, दुसरी आली. जे दाबलं, दोघी जोडल्या गेल्या. मी हसायला लागले आणि थांबेचना. त्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "डावरी दिसती." दुसरी म्हणाली, "व्हय, पर हात बघ की कसा चालतोय." आणि हे, तुमचे दीर, इतकी वर्षं माझ्या हातचं जेवणारे, म्हणाले, "तू डावखुरी आहेस?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. घरात माहीत होतं ते फक्त तुम्हाला.

संध्याकाळी सासूबाईंना आमटी वाढली. पळी डाव्या हातात होती. त्यांनी बघितलं, थोडा वेळ बघितलं, आणि ताट पुढे केलं. मीठ कमी आहे एवढं मात्र म्हणाल्या.

मी डावीकडचा वाटा सोडला आणि उजवीकडचा घेतला. मुरमाड म्हणाले होते ते शब्द मागे घेते. माझ्या आयुष्यात माझ्या हाताकडे बघून कोणी काही आखलं असेल तर ते तुम्ही. आणि मी मामांसमोर तुमच्याकडे बोट दाखवलं. ते बटण मी बदललं होतं, तुम्ही फक्त दाबलंत, हे मामांना मी काल स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "आमाला ठावं हुतं. ज्यानं आधी बोट दाखवलं त्याचंच असतंय."

पत्रिका अर्धी झाली आहे. वेली माझ्या, मजकूर तुमच्यासाठी ठेवलाय. मी तो लावणार नाही, कितीही उशीर झाला तरी. पण ताई, एक अडचण आहे आणि ती मला एकटीला सुटत नाही. माऊस एक आहे. तुम्ही आलात की तो उजवीकडे लागणार, मला डावीकडे. पुन्हा भांडण व्हायला जागा आहे, असं हे म्हणतात. मी म्हणाले, होऊ दे. ताई समोर असल्या म्हणजे झालं.

भाऊजी तुम्हाला न्यायला येतो म्हणतात. त्यांच्याबरोबर या, नाहीतर एकट्या या, पण या.

तुमची
दीपा

*

जामखेड,
४ मे

दीपास आशीर्वाद.

मालकांना पाठवू नको, ते आले तर इथं चार दिस ऱ्हातील आन मामांची पत्रिका वाळंल. मी शनिवारी सकाळच्या यष्टीनं निगते, नगरला गाडी बदलून दुपारपस्तर येते. संस्कृती आतापासूनच चप्पल घालून बसलीय.

सासूबाईंनी ताट पुढं केलं हे वाचून मी पदर तोंडाला लावून बसले. आई म्हनाली, रडतीस का हसतीस. मी म्हनलं, दोन्ही.

माऊसचं काय अवघड न्हाई. मी खुर्चीवरनं उठताना तो तुझ्या अंगाला ठिवून उठत जाईन. तू उठताना माझ्या अंगाला ठिवून उठ.

लंका